नेकनूरच्या माळावरची पलटण

सैन्यभरतीत मी दोनदा धावलो, दोन्ही वेळा शेवटच्या फेरीत मागं पडलो. वय उलटलं. गेवराईत हायवेला लागून मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न झालं, पण जिवाची चुळबुळ जाईना. मग मी लष्करी सामान जमवू लागलो. बूट, हेल्मेट, चट्ट्यापट्ट्यांचं जाकीट. बायको म्हणायची, "साड्यांना जागा न्हाई, अन् कपाटात तुमची पलटण बसलीया."

पुढं तिघं सोबती मिळाले. रविवारी सकाळी आम्ही नेकनूरकडच्या माळावर जायचो. दोन-दोनच्या तुकड्या करून प्लास्टिकच्या छऱ्यांच्या बंदुकांनी लढायचो. तेवढे दोन तास बरं वाटायचं. परतताना पुन्हा तीच चुळबुळ.

एका रविवारी शेळ्या राखणाऱ्या बाईनं आम्हाला झुडपात दबा धरलेलं पाहिलं. ती ओरडत गावाकडं पळाली. अर्ध्या तासात काठ्या घेतलेली माणसं आली, मागोमाग पोलिसांची जीप.

"वर्दी कुनी दिली बे तुमाला?" जमादारानं दरडावलं.

"खेळ हाय साहेब," मी म्हणालो.

"ह्या वयात?"

सामान चोरीचं आहे का, हे बघायला गावातल्या निवृत्त सुभेदारांना बोलावलं. ते शेतातून आले, हाताला माती तशीच. जमिनीवर मांडलेली एकेक वस्तू उचलून बघू लागले. खरं तर मी पोलिसांना भ्यायला हवं होतं. मला धास्ती होती ती सुभेदार काय म्हणतात याची.

"बूट बाजारातले. जाकीट नकली, शिलाई बघा की. हेल्मेट नुसतं शोभेचं."

शेवटी त्यांनी जाड कापडी पट्टा उचलला, पितळी बकलावरून अंगठा फिरवला.

"ह्यो खरा हाय. कुठून आनला?"

"परळीच्या भंगारातून. तुमीच ठेवा, बापू."

"माझा मला पुरं." पट्टा खाली ठेवत त्यांनी विचारलं, "खेळात मेल्यावर काय करता?"

"हात वर करून बाजूला बसतो. मग पुढचा डाव."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जमादाराला म्हणाले, "साधी मान्सं हायेत, सोडा. कपडे तेवढे काढून घ्या."

आम्ही बनियनवर उभे राहिलो. मी त्या बाईची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी ऱ्हाऊ द्या. तुमच्यापायी माझी एक शेळी सापडंना."

सुभेदारांनी आम्हा चौघांना ओळीत उभं केलं. "धा-धा पावलं सोडून चाला. ओळ मोडायची न्हाई." भर उन्हात आम्ही अख्खा माळ विंचरून काढला. मी पुढं धावलो की ते मागून ओरडायचे, "घाई कावून? बाजूचा कुठं हाय बघ!" शेळी ओढ्यातल्या बाभळीत अडकलेली सापडली. बाईनं तिला कवटाळलं आणि आमच्याकडं न बघता निघून गेली.

पोलिसांनी पुढं काही केलं नाही. खेळ मात्र बंद पडला. पुढच्या रविवारी मी दुकान उघडलं, तासाभरात शटर ओढलं आणि नेकनूर गाठलं. सुभेदार बांधावर गवत कापत होते.

"कावून आलास?" त्यांनी विचारलं.

"दुकानात जीव रमंना, बापू," मी म्हणालो. ते म्हणाले, "बस." मी बसलो, लगेच उठलो, पुन्हा बसलो.