कानाला फोन होता

माझे वडील उधन्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या सेठची गाडी चालवायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. धुळ्याकडच्या गावातून ते सुरतेला आले ते लूमवर काम करायला. पण त्या खडखडाटाने त्यांचे कान दुखायचे, म्हणून ते मिलच्या टेम्पोवर क्लीनर झाले, पुढे टेम्पो चालवायला शिकले आणि शेवटी सेठची पांढरी गाडी त्यांच्या हाती आली. गाडी चालवताना ते कुणाशी बोलत नसत. बारावीच्या परीक्षेला एकदा सेठना विचारून त्यांनी मला केंद्रावर सोडलं होतं. मागच्या सीटवरून मी काहीतरी विचारलं, तर आरशात न बघताच म्हणाले, "उतरल्यावर विचार."

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा सुरतेत मोबाइल फोन आले. आधी सेठ लोकांकडे, मग त्यांच्या मुलांकडे. आमच्या सेठने स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना आप्पांना दिला. काळा, जडशीळ, वर बोटभर अँटेना. आप्पांनी तो पहिल्यांदा घरी आणला त्या संध्याकाळी आजूबाजूच्या खोल्यांमधली माणसं बघायला आली. आईने हात पुसून तो उचलला, कानाला लावला आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून हसत परत ठेवला. आमच्या अख्ख्या चाळीत साधा फोनही नव्हता. आईला वाटलं, नवऱ्याची बढती झाली.

आप्पांना तसं वाटत नव्हतं. त्या फोनवरून त्यांना कुणाला फोन करता येत नसे, तशी सोयच सेठने बंद करून घेतली होती. तो फक्त वाजायचा. मिलमधून निघून रिंगरोडच्या मार्केटला कापडाचे नमुने पोचवायचे, तिथून कुणा व्यापाऱ्याला स्टेशनवर सोडायचं, या सगळ्या वाटेत सेठ विचारायचा, "क्यां पहोंच्यो?" कुठे पोचलास. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत, म्हणून बोलणं दोन वाक्यांत संपायचं. पण ती दोन वाक्यं लगेच हवी असत.

सुरुवातीला फोन वाजला की आप्पा गाडी कडेला घ्यायचे. एकदा उधना दरवाज्याजवळ कडेला जागा मिळेपर्यंत फोन वाजून वाजून बंद झाला. मिलवर परतल्यावर सेठने चार लोकांसमोर विचारलं, "गाडी थांबवायला फोन दिलाय का तुला? एवढं निवांत काम हवं तर टपालखात्यात जा ना."

त्यानंतर आप्पा चालत्या गाडीत फोन घ्यायला लागले. उजवा हात स्टिअरिंगवर, गिअर टाकायला डावा, म्हणजे फोन धरायला हात उरत नसे. मान वाकडी करून खांदा आणि कान यांच्यामध्ये तो दाबून धरायचे. घरी जेवताना मानेला हात लावत बसायचे. आई मान चोळून द्यायची आणि म्हणायची, "बंद करून ठेवा ना थोडा वेळ. सेठला सांगा, बॅटरी संपली."

"सेठला बॅटरी माझ्यापेक्षा जास्त कळते," आप्पा म्हणायचे.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून घरी आले होते. आप्पा अमरोलीकडे एका ठेकेदाराला सोडायला गेले होते आणि रिकामी गाडी घेऊन परतत होते. तिकडच्याच कोसाडच्या वसाहतीतल्या बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या लावायचं काम करायच्या. त्यातल्या दोघी, नणंद आणि भावजय, तयार साड्यांची बोचकी डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत होत्या. नणंद पुढे होती. भावजय दोन पावलं मागे. आप्पांचा फोन वाजला, त्यांनी तो खांद्यात दाबला. सेठने विचारलं, क्यां पहोंच्यो. आप्पा म्हणाले, "अमरोली." मान वाकडी असल्यामुळे त्यांना डाव्या बाजूचं काही दिसलं नाही. हे त्यांनीच आम्हाला नंतर सांगितलं, आणि आयुष्यभर तेवढ्याच शब्दांत सांगत राहिले.

भावजयीला गाडी लागली. बोचकं फुटून साड्या रस्त्यावर पसरल्या. आप्पा पळून गेले नाहीत. तेव्हा पळण्याचीच रीत होती, कारण जमाव ड्रायव्हरला सोडत नसे. पण ते उतरले, नणंदेच्या मदतीने त्या बाईला मागच्या सीटवर घेतलं आणि गाडी हॉस्पिटलकडे काढली. नणंद तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सीटखाली पडलेला फोन वाजत होता. थांबायचा आणि पुन्हा वाजायचा. बोलणं अर्धवट तुटलं म्हणून सेठ परत परत लावत होता. नणंदेने किंचाळून सांगितलं, "ते बंद कर!" आप्पांचा हात तिथवर पोचत नव्हता आणि गाडी थांबवायची नव्हती. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तो वाजत होता. बाई त्याआधीच गेली होती.

पोलीस चौकीत आई आणि मी गेलो तेव्हा आप्पा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. शर्टाची पुढची बाजू रक्त सुकून कडक झाली होती. नणंद जबाब देत होती. तिने सांगितलं, त्याच्या कानाला काळं काहीतरी होतं, तो बोलत होता. लिहिणारा जमादार थांबला. सेठचा मॅनेजर शेजारच्या खुर्चीत बसला होता, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बहेन, दारू प्यायला होता का? नाही. लायसन आहे का? आहे. फोनचं कुठलं कलम नाही. मग ते लिहून मी काय करू?"

"पण तो बोलत होता," ती म्हणाली.

"बोलणं गुन्हा नाही."

आप्पांनी मान वर करून सांगितलं, "बोलत होतो." जमादाराने त्यांना गप्प बसायला सांगितलं. जबाबात आलं ते एवढंच, की गाडी बेफिकीरपणे चालवून धडक दिली.

सेठच्या वकिलाने दुसऱ्या दिवशी जामीन करून आणला. संध्याकाळी सेठ स्वतः आमच्या खोलीवर आला. त्याआधी तो कधी आला नव्हता. खाटेवर बसला, आईने दिलेला चहा प्यायला, माझ्या शिक्षणाची चौकशी केली. वाईट माणूस म्हणावं असं तो काही बोलला नाही. आप्पांना म्हणाला, "होतं असं. तू म्हण, ती एकदम आडवी आली. बाकी वकील बघेल. फोनचा विषय काढू नकोस, उगाच लांबेल." मग हात पुढे केला. आप्पांनी फोन त्याच्या हातात दिला. सेठ खाली उतरला. त्या दिवशी घरची दुसरी गाडी तो स्वतःच चालवत होता. गल्लीतून गाडी वळवतानाच त्याने फोन कानाला लावला. आम्ही तिघं गॅलरीत उभे होतो. आई आत निघून गेली.

काही दिवसांनी आप्पा म्हणाले, मला त्या बाईच्या घरी जायचंय. आई घाबरली. "मारतील तुम्हाला," ती म्हणाली. ते ऐकेनात, तेव्हा तिने मला सोबत पाठवलं, पोरगी बरोबर असली तर हात उचलणार नाहीत म्हणून.

कोसाडच्या त्या खोलीत गेल्यावर कळलं की ती माणसं नंदुरबारकडची. आमच्यासारखीच घरात अहिराणी बोलणारी. तिचा नवरा लूमवर कामाला होता. भिंतीशी तिचं अर्धवट राहिलेलं काम होतं, साडी आणि टिकल्यांची वाटी. कुणी आवरलं नव्हतं. कुणी आम्हाला बसा म्हणालं नाही. नणंदेने आप्पांना बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

आप्पा उभ्यानेच म्हणाले, "मना कानले फोन व्हता." माझ्या कानाला फोन होता.

नवऱ्याने विचारलं, "कोनसंगे बोलत व्हता?"

"सेठसंगे."

"काय बोलत व्हता?"

आप्पांना ते उच्चारायलाच जड जात होतं. "कोठे पोचनू, ते इचारत व्हतात."

"इतलंच?" तो म्हणाला. एवढंच? आप्पांनी मान हलवली. तो माणूस रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त तोच शब्द परत म्हणाला, जणू दुसरं काहीतरी मोठं, कुणाच्या तरी जिवाएवढं कारण असेल अशी त्याची अपेक्षा होती.

आम्ही निघताना नणंद पहिल्यांदा बोलली. भिंतीकडे बघतच तिने विचारलं, "कोर्टमा सांगशी?"

"सांगसू," आप्पा म्हणाले. सांगेन.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई रडली नाही, भांडली. सरळ, मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. "ती बाई परत येणार आहे का? तुम्ही आत गेलात तर आम्ही काय करायचं? पोरीचं लग्न कोण करेल?" तिचं म्हणणं चूक आहे असं आप्पा एकदाही म्हणाले नाहीत. मलाही तेव्हा आईचं पटत होतं. आजही पूर्ण चूक वाटत नाही.

कोर्टात तारखा पडत गेल्या. सेठने आप्पांना गाडीवरून काढून गोदामात बसवलं. नव्या ड्रायव्हरच्या कमरेला तोच फोन आला. आप्पांनी त्याला एकदा बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, तो हसला आणि निघून गेला.

शेवटी गुन्हा वाचून दाखवण्याची तारीख आली. वकिलाने कोर्टाच्या जिन्यावर पुन्हा पढवलं, फक्त नाकबूल एवढंच म्हणायचं. आत न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. आप्पा म्हणाले, "कबूल आहे साहेब. मी फोनवर बोलत होतो." वकील झटकन उभा राहिला, म्हणाला, माझा अशील घाबरलेला आहे, गाडीत फोन घेणं कुठल्या कायद्याने गुन्हा नाही. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी वकिलाला बसवलं आणि आप्पांना सावकाश, दोनदा समजावलं की कबूल केलंस तर शिक्षा होईल.

"माहीत आहे," आप्पा म्हणाले.

"फोन कुणाचा होता?"

"सेठचा. पण गाडी मी चालवत होतो."

काही महिन्यांची कैद झाली. तिला त्यांनीच हॉस्पिटलात नेलं होतं म्हणून कमी, असं वकील म्हणाला. निकालात हयगय होती, बेपर्वाई होती, फोनचा शब्द नव्हता. तिचा नवरा आणि नणंद मागच्या बाकावर बसले होते. मला वाटलं होतं, ते आप्पांशी काही बोलतील. ते उठले आणि गेले. नणंदेने दारातून एकदा मागे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. माफी तर नव्हतीच.

ते महिने आईने लेस गुंडाळण्याचं काम आणलं आणि मी शिकवण्या घेतल्या. सेठकडून कुणी आलं नाही. आप्पा सुटून आले ते अंगाने अर्धे होऊन. लायसन त्यांनी ट्रंकेत टाकलं आणि पुन्हा काढलं नाही. ओळखीच्या एकाने त्यांना इच्छापोरच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन म्हणून लावलं. बसमध्ये ते ड्रायव्हरपासून लांब, अगदी मागे बसायचे.

मग एका सकाळी मी त्यांना पेपरातली बातमी वाचून दाखवली. गाडी चालवताना हातात फोन धरायला बंदी येणार, पकडलं तर दंड. त्यांनी ती मला पुन्हा वाचायला लावली.

"दंड कोणाला?" त्यांनी विचारलं.

"चालवणाऱ्याला."

"आणि जो फोन करस त्याले काही नही?"

मी बातमी वरपासून खालपर्यंत पाहिली. त्याबद्दल काही नव्हतं. पण आप्पा त्या दिवशी वेगळ्याच ताठपणाने कामावर गेले. कित्येक दिवसांनी त्यांनी आईला शर्टाला इस्त्री करायला सांगितलं होतं.

पुढचं मला गेटवरच्या त्यांच्या जोडीदाराकडून कळलं. साहेब लोकांच्या गाड्या गेटवर आल्या आणि चालवणाऱ्याच्या कानाला फोन दिसला की आप्पा फाटक उघडत नसत. काचेजवळ जाऊन हात जोडून म्हणत, "साहेब, आधी ते खाली ठेवा." कुणी हसून ठेवलं. कुणी हॉर्न वाजवत राहिलं. एका ठेकेदाराने उतरून त्यांची कॉलर धरली. मॅनेजरने बोलावून विचारलं तेव्हा त्यांनी बातमीचं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "नियम पोलिसांसाठी असतो, वॉचमनसाठी नाही. तुझं काम फाटक उघडणं."

दुसऱ्या दिवशीही ते तेच करत राहिले. त्यांना नोकरीवरून काढलं नाही, मागच्या गेटवर टाकलं. तिथे राखेचे ढीग होते, एक बंद पडलेला बोअरवेल होता आणि कुलूप घातलेलं फाटक होतं. त्या फाटकातून गाडी येत नसे. आप्पा रिटायर होईपर्यंत तिथेच बसले.