पंखा मात्र फिरत होता

माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल वाचणाऱ्याने माफ करावं. वाचणारी मी एकटीच आहे, त्यामुळे माफी मिळायला अडचण येऊ नये. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीची शाळा नाक्यापलीकडे होती आणि वाटेत ओळखीची माणसं भेटायची. माणसं भेटली की बोलावं लागतं. म्हणून मी घरी बसले.

मी लाजाळू आहे हे पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत आहे. निकाहाच्या दिवशी माझ्या बाजूने बोलणारे वकील आणि साक्षीदार माझ्याकडे विचारायला आले, कबूल आहे का? मी म्हटलं, कबूल. कुणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. बाहेर पाहुण्यांची बिर्याणी निवत चालली होती. शेवटी माझ्या खालाने, म्हणजे मावशीने, मागून पाठीला असा चिमटा काढला की माझा "कबूल" पार उरणच्या मोरा बंदरावरच्या लाँचमध्ये बसलेल्यांनाही ऐकू गेला असेल. (म्हणजे लग्न झालं ते खरं म्हणजे चिमट्याने.)

नवरा मिळाला तो कुवेतला एसी दुरुस्त करणारा. दोन वर्षांनी एकदा यायचे, दोन महिने राहायचे, परत जायचे. तेवढ्यात माझी भीड चेपायची नाही. चेपली असं वाटायला लागलं की त्यांचं विमान असायचं. घरी मी, मुलगी निलोफर आणि सासूबाई. निलोफर कॉलेजात. सासूबाईंना आम्ही अम्मी म्हणतो. कोपऱ्यावरच्या गाळ्याचं भाडं त्यांच्या हातात येतं आणि तिथून पुढे कुठेही जात नाही.

निलोफरने हट्ट करून जुना कम्प्युटर घेतला आणि केबलवाल्याकडून स्वस्तातलं इंटरनेट जोडून घेतलं. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी, जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपलं की, हे आम्हाला पडद्यावर दिसायला लागले. दिसायला लागले म्हणजे, सलाम करेपर्यंत दिसायचे आणि "कशा आहा..." म्हणून अडकायचे. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हात वर. करंजाच्या धक्क्यावर बर्फात मासा ठेवतात ना, हुबेहूब तसे.

"अडकले अब्बा," निलोफर म्हणायची आणि मोबाइल घेऊन गच्चीत जायची. अम्मी तस्बीची माळ घेऊन आत जायच्या. मी तिथेच बसून राहायचे, कारण कुणीतरी बसायला पाहिजे.

एका शुक्रवारी मी अशीच त्या अडकलेल्या तोंडाकडे बघत बसले होते आणि हळूच म्हटलं, "दाढी का नाही केली?" त्यांनी काही उत्तर दिलं नाही. मला फार बरं वाटलं. मग मी म्हटलं, "नळाला पाणी नाही तीन दिवस." त्यावरही शांत. असा नवरा मी कधी पाहिला नव्हता! मी बोलतच सुटले. गॅस, निलोफरची फी, शेजारणीचा बोकड, अम्मींचे टोमणे. ते सुटून हलायला लागले की मी गप्प. "काय गं, काही म्हणालीस?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणायचे, "तब्येत सांभाळा."

दर शुक्रवारी मी सगळ्यांबरोबर सलाम करायचे आणि मनात म्हणायचे, अडकू देत लवकर.

आणि अशा सुखाच्या दिवसांत निलोफरने जादा वेगाच्या नेटची गोष्ट काढली.

"दादी, जास्त स्पीडचा प्लॅन घेऊ. कॉल अडकणार नाही. फक्त वर्षाचे जादा अडीच हजार भरायचे, एकदम."

"काय गो," अम्मी म्हणाल्या, "पैशे जास्ती दिले तर माझा पोरगा जास्ती दिसंल?"

"क्लिअर दिसेल."

"त्याला मी पैदा केलाय. मला तो धूसर पण कळतो."

"दादी, आता बोलताच येत नाही नीट त्यांच्याशी. मम्मीचं तर एक वाक्य पुरं होत नाही. हो ना मम्मी?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. अख्ख्या घरात हे नेट असंच रडतखडत चालावं अशी इच्छा असलेली मी एकटी. पण ते सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "हो."

फोनवर यांनाही विचारलं. "उगाच पैसे घालवू नका," एवढंच म्हणाले. मला त्यांचं म्हणणं इतकं कधीच पटलं नव्हतं. पण निलोफर ऐकणारी नाही. शेवटी अम्मींनी पैसे काढले आणि निवाडा केला.

"मी देते. पन उधार. जादा पैशाचं काय चीज झालं तर सोडून दिले. नाय झालं तर सगळे परत. झालं का नाय झालं ते मी ठरवंन."

"परत मी देईन, दादी."

"तू शिकतेस. तुझी आई देईल."

पुन्हा दोघी माझ्याकडे. मी म्हटलं, "बरं." अशा तऱ्हेने मला नको असलेल्या वस्तूसाठी माझ्या डोक्यावर कर्ज झालं. व्याज नव्हतं. व्याजाऐवजी रोज सकाळी चहाबरोबर एक टोमणा होता.

केबलवाला आला, दिवे लुकलुकणारा नवा डबा लावून गेला. ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून डबा खिडकीच्या कठड्यावर, पिण्याच्या पाण्याच्या हंड्याच्या वर ठेवला. हे मी आत्ताच सांगून ठेवते.

पहिला शुक्रवार आला. हे पडद्यावर आले आणि काय सांगू, कानावरचे पांढरे केससुद्धा मोजून घ्यावेत. मागे खोलीतले लोखंडी पलंग, एकावर एक. वरच्या पलंगावर पांघरूण घेऊन कुणीतरी झोपलेलं. भिंतीवर पंखा. अम्मींनी त्यांना नीट निरखलं, "बारीक झालास" म्हणाल्या आणि असरच्या नमाजेची वेळ झाली म्हणून आत गेल्या. निलोफरची मैत्रीण खालून हाका मारत होती, ती पळाली. राहिले मी आणि हे.

"ऐक," हे म्हणाले, "मालक अजून दोन वर्षांचा कागद घेऊन आलाय. रविवारी सही करायची. तू काय म्हणतेस?"

या खेपेनंतर ते कायमचे येतील अशी मी आस लावून बसले होते. ती कुणाला बोलून दाखवली नव्हती, हे सांगायला नको. त्या अडकलेल्या तोंडालासुद्धा नाही. आत्ता म्हणायला हवं होतं, नका करू सही. मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा."

ते काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. हलले नाहीत. मी थोडा वेळ थांबले. पापणीसुद्धा लवली नाही. मी पडद्यासमोर हात हलवून पाहिला. काही नाही.

म्हटलं, घ्या! अडीच हजार भरून अडकलंच.

मागे पंखा मात्र फिरत होता. तो मला दिसत होता, मी आंधळी नाही. मला वाटलं, जादा पैशाचं नेट आहे, पंख्यापर्यंत पोचलं असेल, यांच्यापर्यंत यायला वेळ लागेल.

मी खुर्ची पुढे ओढली आणि सुरू झाले.

"दोन वर्षं कशाला? दर वेळी दोनच वर्षं म्हणता. आणि येताना ते वाघाचं ब्लँकेट का आणता? पनवेलमध्ये थंडी कुठे असते? कपाटात सहा वाघ झालेत, दार लागत नाही. ते अत्तर अम्मी संडासात शिंपडतात. आणि मी करून पाठवते ते लोणचं तुम्हाला मिळत नाही, सगळं तो तुमच्या खोलीतला रत्नागिरीवाला खातो हे मला माहीत आहे. हावरट मेला."

वरच्या पलंगावरचं पांघरूण जरा हललं. मला वाटलं, नेट तिथवरही पोचलं.

"अम्मींनी मला अडीच हजार उधार दिलेत आणि रोज सकाळी पाच हजाराचं ऐकवतात. ते जाऊ दे. तुम्ही सही करू नका. तुम्ही आलात की पहिले आठ दिवस मला पाहुणे वाटता. मग जरा सवय होते, तर जायच्या आधीचे आठ दिवस पुन्हा पाहुणे. मुलगी तुमच्याशी बोलते ती परीक्षेत तोंडी विचारल्यासारखी. पैसे कमी पडले तर पडू देत. उलव्याला रोज नवी बिल्डिंग उभी राहतेय, तिथे काय लोक बिनएसीचे राहणार आहेत? इथे करा दुरुस्त्या. घरी या." आणि मग, अल्ला माझा गुन्हा माफ करो, मी म्हटलं, "तुम्ही नसता म्हणून मी पलंगाच्या मधोमध झोपते. मला सरकायची तयारी आहे."

वरच्या पलंगावरून खोकला ऐकू आला.

"भाभी," आवाज आला, "लोनचा मी एकट्यानं नाय खाल्ला. सगल्यांनी खाल्ला."

त्यावर त्या खोलीत अजून तीन-चार माणसं हसली, जी मला दिसतही नव्हती. आणि यांनी डोळे पुसले. म्हणजे हलले. म्हणजे पहिल्यापासून अडकलेच नव्हते! ते नुसते ऐकत होते.

मी पाठीमागे वळले तर दारात अम्मी. नमाज आटोपून आलेल्या, हातात तस्बी. त्यांचा अंगठा एका मण्यावर थांबला होता.

"पाच हजाराचं?" अम्मी म्हणाल्या.

मला तिथून नाहीसं व्हायचं होतं. ते जमेना, म्हणून निदान पडद्यावरच्या यांना तरी नाहीसं करावं म्हणून मी हाताला लागली ती वायर जोरात ओढली. वायर निघाली नाही. डबा निघाला. कठड्यावरून सरळ हंड्यात. त्याचे दिवे पाण्यात थोडा वेळ लुकलुकले, छान दिसत होते, मग विझले.

केबलवाला आला, हंड्यात डोकावला आणि म्हणाला, "काकी, हा पाण्यात नाही ठेवायचा." नव्या डब्याचे आठशे सांगितले. अम्मींनी दिले. माझ्या नावावर.

रविवारी यांचा फोन आला. अम्मींनी घेतला. "सही केलीस?... हां... हां... बरं." फोन ठेवला. मी भाजी चिरता चिरता थांबून त्यांच्याकडे बघितलं.

"काय बघतेस? इचारायचं तर तोंडानं इचार," अम्मी म्हणाल्या. "परवा तर येत व्हतं."

मी भाजी चिरायला लागले. मग पुढचे कितीतरी शुक्रवार मी मुद्दाम स्वयंपाकघरात काढले. नेट एकदाही अडकलं नाही. निलोफर तासनतास बोलायची, हसायची, मला हाका मारायची. मी आतून "हात पिठाचे आहेत" म्हणायचे. यांनी सही केली की नाही हे घरात दोघींना माहीत होतं. दोघी मी विचारायची वाट बघत होत्या. मी त्या आपणहून सांगतील याची वाट बघत होते. आमच्यात कोण हट्टी आहे हे तेव्हा कळलं. तिघी.

एके दिवशी सकाळी दार वाजलं. मी उघडलं, तर बॅगा घेऊन हे. दोन महिन्यांच्या बॅगा नव्हत्या, सगळ्याच होत्या. मी दाराच्या मधोमध उभी राहिले ती राहिलेच. तोंडातून सलामसुद्धा निघेना. मागे निलोफर, अम्मी, जिन्यात शेजारीण.

हे म्हणाले, "सरकायची तयारी आहे म्हणालीस ना? मग सरक. मला आत येऊ दे."

शेजारणीला काही कळलं नाही, पण ती सगळ्यात जास्त हसली. (काखेत ब्लँकेट होतं. वाघाचं नाही, मोराचं. म्हणाले, तुझी तक्रार वाघाबद्दल होती.)

उलव्याला कामं मिळाली. कुवेतइतके पैसे मिळत नाहीत, पण जेवायला घरी असतात. आणि शुक्रवारी दुपारी कम्प्युटरवर झाकण घातलेलं असतं, कारण ज्याला बघायचं तो बाजूला बसून मासे खात असतो. जादा वेगाचं नेट मात्र चालूच. वर्षाचे पैसे भरलेले.

"दादी," निलोफर म्हणाली, "एका कॉलमध्ये अब्बा परत आले. पैशांचं चीज झालं. मम्मीचे पैसे माफ."

अम्मींनी विचार केला. "माझा पोरगा आला तो हिच्या तोंडामुलं, तारेमुलं नाय. आनि तोंड तर हिला फुकट मिललंय. येवढी वर्सं वापरलं असतं तर अडीच हजार वाचले असते." मग माझ्याकडे वळून, "आनि डब्याचे आठशे."

मी घरी बसून कुर्ते शिवले आणि थोडे थोडे करून फेडत गेले. यांनी दोनदा खिशात हात घातला, मी नको म्हटलं. मान हलवूनच म्हटलं. हल्ली ते कधी कधी माझ्यासमोर येऊन एकदम न हलता बसतात. मुद्दाम बसतात, मला कळतं. तरी मी बोलते.

शेवटचा हप्ता द्यायला गेले तेव्हा अम्मी दुपारी आरामखुर्चीत होत्या. मी नोटा त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी मोजल्या नाहीत, कनवटीला लावल्या आणि डोळे मिटले. मान कलली. तस्बी मांडीवर पडली. डोक्यावर पंखा फिरत होता. झोपल्या.

मला फार हलकं वाटलं. मी हळूच म्हटलं, "फिटले बाई एकदाचे. उद्यापासून चहा गोड लागेल. आणि शंभर कमी दिलेत, टोमण्यांचे कापून घेतले. म्हातारीने मोजलेसुद्धा नाहीत."

अम्मींनी डोळे उघडले नाहीत. फक्त हात पुढे केला.

मी आत गेले, शंभराची नोट आणली आणि त्या हातावर ठेवली. सगळे पैसे फिटले.