आज आत्याबाईचं चुकलं

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आणि त्यातला बराचसा टीव्हीसमोर बसून केला. पण यंदा जो केला त्याला तोड नाही. माझ्या लेकीनं, मनीषानं, फोन करून सांगितलं की तिची सासू वारली. आणि मी म्हणाले, "बरं झालं!"

थांबा, लगेच नाक मुरडू नका. आमच्याकडं सून सासूला 'आत्या' म्हणते. आणि जी मालिका आम्ही आठ-नऊ वर्षं रोज संध्याकाळी आठला बघत होतो, तिच्यातल्या खाष्ट सासूलाही सगळे आत्याबाईच म्हणत. मालिकेचं नाव मी सांगणार नाही. त्यांची फुकट जाहिरात करायला ते माझे कोण लागतात? तर त्या दिवशी तिचा शेवटचा भाग होता, आणि ऐन आठच्या ठोक्याला शेळगावात आमच्या वस्तीवरची लाईट गेली. अंधारात बसून मी वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. साडेआठला फोन वाजला. नातीनं, श्रेयानं, वाचून सांगितलं, "विहीणबाईंचा आहे गं आजी." शालनबाई, म्हणजे मनीषाची सासू, तेव्हा बारामतीला दवाखान्यात होत्या. दम लागत होता, पण डॉक्टर सोमवारी घरी सोडणार होते. मालिका संपली की त्यांचा फोन यायचा, हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. मला वाटलं, बाईला बोलवत नसेल, म्हणून शेवट काय झाला ते सुनेला सांगायला लावलं असेल.

"आई... आत्या गेल्या गं."

"बरं झालं! गेली एकदाची भवानी. लय छळलं तिनं त्या पोरीला. कशानं मेली गं? इष घातलं का कुणी?"

पलीकडं काहीच नाही. रेंज गेली असेल म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडले, "हॅलो? मरताना तरी माफी मागितली का न्हाय?"

"आई," मनीषा म्हणाली, "आमच्या आत्या." आणि फोन बंद झाला.

त्यानंतर लेक माझ्याशी बोलायची ती मोजून. 'हं', 'व्हय', 'बघू'. दहाव्याला सांगवीला, तिच्या सासरी, गेले तर मला चहा कपबशीतून दिला. घरच्यांना स्टीलच्या पेल्यात आणि पाव्हण्यांना कपबशीत, अशी त्या घरची रीत. आईला कपबशी देणारी लेक काय म्हणत असते, ते कळायला शाळा शिकावी लागत नाही. मी लाईट गेल्याचं सांगितलं, मालिकेतल्या आत्याबाईचं सांगितलं, श्रेयाला साक्षीला उभी केली. मनीषा म्हणाली, "बरं." तिला ते पटलं, की आईच्या पोटातलं शेवटी ओठावर आलं असं वाटलं, ते काही कळेना. आणि खरं सांगायचं तर मलाही कळेना. बोलले मी टीव्हीतल्या बाईबद्दल, हे देवाशपथ खरं. पण ते शब्द माझ्या जिभेवर इतके तयार कसे होते...?

म्हणून शालनबाईंबद्दल लिहायचं तर आधी माझ्या अकलेबद्दल लिहायला हवं. मनीषाला बघायला आली त्यांतली तीन स्थळं मी नाकारली होती. सांगवीच्या घरी गेलो आणि बैठकीत शिरल्याबरोबर मला काय दिसलं? कलर टीव्ही. त्यावर विणलेलं झाकण, झाकणावर काचेचा मोर. नवरा मुलगा काळा की गोरा, माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं, रान किती, विहिरीला पाणी किती, हे आमचे मालक विचारत होते आणि मी त्या मोराकडं बघत होते. घरी येऊन सांगितलं, "माणसं सुधारलेली हायती, कलर टीव्ही हाय." त्या वयात मी स्वतःला फार हुशार समजत असे. वटपौर्णिमेला वडाला सात फेऱ्या मारून झाल्या की आठवी फेरी मी तेव्हाच्या एका मालिकेतल्या नायिकेच्या नवऱ्यासाठी मारायची, कारण तो बिचारा दवाखान्यात होता. अशा बाईनं लेकीचं लग्न ठरवलं.

दिवाळीला लेकीच्या घरी गेले तेव्हा त्या कलर टीव्हीची खरी गंमत कळली. टीव्हीसमोरची कॉट शालनबाईंची. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी उशीखाली. आणि माझी लेक स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला खांदा लावून, उभी. हातात लाटणं नाहीतर लसूण. आत कुकरची शिट्टी झाली की आत, जाहिरात संपली की परत दारात. मनात आलं, विहिणीला म्हणावं, अहो, पोरीला जरा टेकू द्या. पण मी काहीच बोलले नाही. का, तर मीही तेव्हा टीव्हीच बघत होते. किळस यावी असं माझं एक तोंड त्या आठवणीत आहे. लाडू खातंय आणि पडद्यातल्या सुनेसाठी रडतंय.

पुढं ही मालिका लागली आणि आम्हा दोघींना बोलायला विषय मिळाला. विहिणी विहिणींनी उघड भांडायचं नसतं. मग आम्ही केतकी आणि आत्याबाईच्या तोंडानं भांडायला लागलो. केतकी म्हणजे मालिकेतली सून. मी अर्थात केतकीच्या बाजूची. शालनबाई उघडउघड आत्याबाईच्या. अख्ख्या बारामती-इंदापुरात खलनायिकेची बाजू घेणारी ही एकच बाई असेल. साडेआठला फोन यायचा, मी तो पिठाच्या डब्याला टेकवून स्पीकरवर लावायची.

"विहीणबाई, तुमच्या त्या केतकीला भाकरी थापता येत न्हाय, बगितलं का आज? कडा फाटल्याली."

"सासूनं ताटाकडं डोळं लावून बसल्यावर कुणाची बी कड फाटंल."

"आत्याबाई बोलती, पर उपाशी न्हाय ठेवत."

"उपाशी न्हाय ठेवत, बसू बी देत न्हाय."

असं. त्यात माझ्या लेकीचं नाव एकदाही नसे आणि तिच्याशिवाय दुसरं काही नसे. आमची सून आत भांडी घासता घासता हसायची. तिला वाटायचं, दोन म्हाताऱ्या शिरियलपायी येड्या झाल्यात.

एकदा दुपारी मनीषाचा रडत फोन आला. बोरवेलवाले आणि दोन-चार पाव्हणे जेवायला होते, आमटी खारट झाली, आणि शालनबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आईनं कायच शिकवलं न्हाय हिला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी मी पदर खोचून फोनची वाट बघत बसले. काय काय बोलायचं ते मनात मांडून ठेवलं होतं. फोन आला. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "विहीणबाई, आज आत्याबाईचं चुकलं. पाव्हण्यांच्या म्होरं सुनंला असं बोलाया नगं हुतं."

आणि मी शहाणी काय म्हणते? "आज आत्याबाई हुत्या कुठं? आज तर आल्याच न्हाईत एपिसोडात!"

त्यांनी पलीकडं टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "त्येच म्हणते मी." आणि फोन ठेवला.

मला उलगडा व्हायला पीठ मळून व्हावं लागलं. दुसऱ्या दिवशी मनीषानं सांगितलं, आत्यांनी आठवडे बाजारातून लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणली. कॉटशेजारी नाही हं, तिथं नाही ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. त्या बाईची माफी तेवढ्याच मापाची होती. पण खुर्ची होती.

आता सांगा, अशा दोन बायकांची मालिका कुणी बंद करावी? ती का बंद केली, तर म्हणे बघणारे कमी झाले. आम्ही काय मेलो होतो? बातमी आली तीसुद्धा श्रेयाच्या फोनवर, लग्नाच्या पत्रिकेसारखी नटवलेली, 'निरोपाचा क्षण' म्हणून, कोपऱ्यात फुलं. आणि त्या जागी काय येणार, तर सहा-सात वर्षांच्या पोरी ओठ रंगवून नाचणार आणि परीक्षक डोळे पुसणार. बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, डिश काढून टाकायची. एकीनंही काढली नाही. तरण्या पोरांनी त्या बातमीखाली लिहिलं, 'सुटलो एकदाचे', 'आता आजी वेळेवर जेवण देणार'. मी श्रेयाला म्हटलं, लिही माझ्या नावानं, 'तुमच्या तोंडात माती पडो.' तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी चॅनेलवाल्यांचं उत्तर आलं, हात जोडलेले, लाल बदाम आणि 'आपल्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद! पाहत राहा...' शिवी दिली तर शिवीचाही मान ठेवेनात ही माणसं. कुणी वाचतच नाही तिकडं. त्या दिवशी मला जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

त्याच आठवड्यात शालनबाई दवाखान्यात. मी भेटायला गेले. नाकाला नळी, दंडावर चिकटपट्ट्या. व्याही, सगळे त्यांना तात्या म्हणतात, कोपऱ्यात स्टुलावर गप्प बसलेले. ते तसेही आयुष्यभर गप्पच बसले. वॉर्डातल्या टीव्हीवर क्रिकेट. आम्हा दोघींमध्ये मालिका नाही म्हटल्यावर काय बोलावं ते सुचेना. मी म्हटलं, ऊन लय वाढलंय. त्या म्हणाल्या, व्हय. मी म्हटलं, डाळिंबाला फूल बरं हाय. त्या म्हणाल्या, बरं. मग त्यांनीच विचारलं, "शिरियल गेल्यावर आपुन काय बोलायचं, ओ?"

"बोलू की. मनीषाचं बोलू," मी म्हटलं. पहिल्यांदाच.

त्यांनी दाराकडं बघितलं. मनीषा रिपोर्ट आणायला खाली गेली होती. ओठ हलले, पण आलं ते दुसरंच. "त्या मेल्यांनी शेवटाला आत्याबाईला रडवून माफी मागायला लावली ना, तर मी परत टीव्ही बघायची न्हाय. एवढ्या वर्सांची बाई... अशी एका दिसात बदलती व्हय?"

ती आमची शेवटची भेट.

दहाव्याला नीरेच्या काठी कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, इच्छा काही उरली नव्हती बाईची. कावळ्यांना तरी काय कळतंय. सांत्वनाला आलेली एक बाई माझ्या कानाशी लागून विचारते, "शेवट बगितला का ओ? लई गोड केला." तिच्या तोंडात पान घोळत होतं. मी उठून पलीकडं जाऊन बसले.

तो शेवट मी पुढं श्रेयाच्या फोनवर बघितला. बघायला नको होता. कोमातला उठला. हरवलेलं पोर रसवंतीवर सापडलं. आणि आत्याबाई पायऱ्या उतरून आली, हात जोडले, ढसाढसा रडली, केतकीनं तिला मिठी मारली, मग सगळे ओळीत उभे राहून हसले. चहा उकळायलासुद्धा जास्त वेळ लागतो. आठ-नऊ वर्षं आम्ही बघितलेली एक बाई त्यांनी अशी धुऊन, इस्त्री करून परत केली. शालनबाईंनी हे बघितलं नाही, एवढं एक बरं झालं... बघा, पुन्हा तेच शब्द.

मागच्या आठवड्यात मी सांगवीला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. तात्या रानात होते. संध्याकाळी आठ वाजले आणि मनीषानं न बोलता टीव्ही लावला. रिमोट अजून त्याच पिशवीत, पिशवी उशीखाली. पडद्यावर त्या रंगवलेल्या पोरी नाचायला लागल्या. कॉट रिकामी. मी म्हटलं, "बस की हितं." ती माझ्याकडं न बघता आत गेली, लसणाचं ताट घेऊन आली आणि दारातल्या लाल खुर्चीत बसली. आता ती खुर्ची कुठंही नेता आली असती. तिनं नेली नव्हती. पाठीला भेग गेलीय, तिथं शालनबाईंनी तार ओवून शिवलंय.

मी कॉटवर टेकले नाही. तिच्या पायाशी फरशीवर बसले आणि लसूण सोलायला घेतला. ती उठली, टीव्हीचा आवाज बंद केला आणि आतून चहा आणून माझ्यापुढं ठेवला. पेल्यात. निम्मं ताट सोलून झालं. मग ती पडद्याकडं बघत म्हणाली,

"आई, तू फोनवर 'बरं झालं' म्हणालीस ना... ते तुझ्या आधी माझ्या मनात येऊन गेलं हुतं. राग तुझा न्हवता आला मला."