खालच्या कोर्टाने घाई केली

मी नवी नवी सासू झाले होते तेव्हाची गोष्ट. सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची बरणी मांजरीच्या भीतीने मीच तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली, विसरले आणि नव्या सुनेवर आळ घेतला, की शिरढोणला माहेरी पोचवलीस. लेक मान खाली घालून जेवत राहिला. सून बॅग भरून गेली. मी जिंकले. पुढे तांदूळ काढताना बरणी हाताला लागली.

आमच्या खालच्या मजल्यावर अपीलकाका राहायचे. पनवेलच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. रोज सकाळी जिन्यात बसून पेपरातले हायकोर्टाचे ताजे निकाल मोठ्याने वाचायचे. कुणाची जन्मठेप रद्द, कुणाची पोटगी वाढली, कुणाचं मूल आईकडे आलं. शेरा मात्र ठरलेला, "खालच्या कोर्टाने घाई केली."

त्यांच्या घरी खालचं कोर्ट म्हणजे काकू. मधुमेह असून जिलबी खाल्ल्याचा खटला त्यांनी भरला, तेव्हा काकांच्या मिशीला पाक होता. काका म्हणाले, "परिस्थितीजन्य पुरावा. मिशीपासून तोंडापर्यंत साखळी पूर्ण होत नाही." शिक्षा झाली, बिनसाखरेचा चहा. काका अपील घेऊन जिना चढून माझ्याकडे आले, कारण मी वर राहत होते. मी तरी काय, साखर घालून दिला.

म्हणून बरणी सापडल्यावर मी त्यांच्याकडे उतरले. म्हटलं, अपील करा आणि सून परत आणा.

"वहिनी, जिंकलेल्याला अपील नसतं. हरलेल्याचा वकील व्हायला मी तयार आहे."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात काळा कोट घालून ते माझ्याच रिक्षात बसले. बरणी माझ्या मांडीवर. शिरढोणच्या अंगणात विहीणबाई म्हणाल्या, "आदी चाय घ्या, मंग भांडा." काकांनी कोटाची बटणं लावली आणि माझ्याविरुद्ध उभे राहिले. "न्यायाधीश, फिर्यादी आणि साक्षीदार एकच बाई. आरोपीला शब्द बोलू दिला नाही. मुद्देमाल सापडला तो न्यायाधीशांच्याच तांदळात."

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. सून हसली नाही, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की भांडण सोड्यांचं नव्हतंच.

काकांना जाऊन वर्ष झालं. जिना मुका झालाय. नातीला रागवायच्या आधी मी विचारते, बाई, तुझं म्हणणं काय? कार्टी धडधडीत खोटं बोलते, पण मी ऐकून घेते.

त्या दिवशी सुनेने बरणी घेतली, झाकण घट्ट केलं आणि म्हणाली, "येते मी. पण बरणी कुठे सापडली ते यांना जेवताना तुम्ही सांगायचं, आई. मी समोर बसून जेवणार आहे."