तेराच्या पाढ्याचा झोका

आदरणीय अनसूयाबाई पेडणेकर यांची साठी साजरी करायची असे आपण ठरवले, तेव्हापासून बाई "कशाला हे सगळं?" म्हणून कुरकुरत आहेत. त्यामुळे समितीने या ग्रंथासाठी मला लेख मागितला तेव्हा मी आधी त्यांचीच परवानगी घ्यायला गेलो. "लिहा, पण गोडगोड लिहू नका. जे झालं ते लिहा," असे त्या म्हणाल्या. हा लेख काहींना सणसमारंभाला न शोभणारा वाटेल. त्यांनी बाईंनाच जाब विचारावा.

बाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती नायगावच्या चाळींमागच्या मुलांच्या बागेत. त्यांच्या शाळेत मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. गिरगावातून आलेला, कपड्यांना कडक इस्त्री, अंगात बऱ्यापैकी ऐट. शाळा सुटल्यावर बागेतून निघालो तर पाढ्यांचा गजर कानावर आला. झोपाळ्यासमोर मुलांची रांग होती आणि अख्खी रांग एका सुरात पाढा म्हणत होती. बाकावर एक बाई बसल्या होत्या. मी कौतुकाने म्हणालो, "वा! शाळा सुटली तरी अभ्यास चालूच!"

"अभ्यास कसला, मास्तर? ते आमचं घड्याळ आहे," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही रांगेत मध्येच उभे आहात."

मी बाजूला झालो.

त्या बागेत झोपाळा एकच आणि मुले उदंड. म्हणून बाईंनी नियम केला होता: झोक्यावर बसेल त्याने पाढा सांगायचा, रांगेने तो म्हणायचा, पाढा संपला की उतरायचे. दोस्त बसला असेल तर रांग पाढा लांबवी, आणि कुणाशी कट्टी असेल तर त्याचा पाढा आगगाडीसारखा सुटे. बाई सगळे ओळखून असत, पण बोलत नसत. किसन नावाचा एक चुणचुणीत मुलगा नेहमी तेराचाच पाढा मागायचा. रांग 'तेरा साते'पाशी हमखास अडखळायची, एकमेकांची तोंडे बघायची, आणि किसन तेवढ्यात आणखी चार झोके घेऊन मोकळा व्हायचा. बाईंना उत्तर सांगायला कितीही विनवले तरी त्या पदराआड हसत गप्प राहायच्या.

बाग म्हणावी अशी ती बाग कधीच नव्हती. घसरगुंडीच्या पत्र्याला मध्येच भोक होते. तिथे आले की मुले आपसूक पाय उचलत. वाळूच्या हौदात वाळू कमी आणि मांजरी जास्त. तरी मुले तिथेच धावत, कारण दुसरे जाणार कुठे? चाळीत एका खोलीत आठ माणसे, त्यात बाप रात्रपाळी करून दिवसा झोपलेला. पोराने जरा आवाज केला की त्याची बाहेर रवानगी. किसनच्या घरी हेच होते. तो एकदा बाईंना म्हणाला होता, "घरात बोलायचंच नसतं बाई. हितं वरडलं तरी चालतं." ते ऐकल्यापासून बाई शाळा सुटली की रोज बागेत बसू लागल्या. गिरणीचा भोंगा होऊन मुलांच्या आया परत येईपर्यंत त्या उठत नसत. जवळ एक पिशवी असे. तिच्यात आयोडिन, चिंध्या आणि साखळीच्या कड्यांना लावायला खोबरेलाची बाटली.

किसनचे घर पुढे बौद्ध झाले, तेव्हा अस्पृश्य गणलेले. एका कोकणी बाईंनी आपल्या मुलीला रांगेतून ओढून काढले, "त्यांच्या पोरांनंतर आमची नाय बसूची," म्हणाल्या. बाईही कोकणातल्याच. त्या शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, मला फक्त कोण पुढे नि कोण मागे एवढंच कळतं. तुमची मुलगी किसनच्या मागे आहे." दुसऱ्या दिवशी मुलगी आपणहून रांगेत होती आणि तेराचा पाढा सगळ्यांत सावकाश तीच म्हणत होती.

आता जे झालं ते लिहितो.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस आपण सर्वांनीच पाहिले आहेत. बाई सभांना जात, मोर्चात पुढे असत. गिरणीच्या सुतारखात्यात असलेले आपले शांताराम तेव्हा मिसरूड फुटलेले, बाईंचेच जुने विद्यार्थी. एका संध्याकाळी ते चारपाच जणांना घेऊन बागेत आले.

"बाई, रस्ता अडवायचाय. झोपाळ्याची फळी द्या. उद्या आणून लावतो, आईशप्पथ."

"ने," बाई म्हणाल्या. "पण साखळ्या राहू देत." फळीचे खिळे त्यांनी स्वतः सैल करून दिले. त्या वेळी आपल्यापैकी कुणीही तेच केले असते.

दुसऱ्या दिवशी मुले बागेत आली आणि फळी नाही म्हणून तिच्या शोधात रस्त्यावर गेली. पिंपे, दगड, मोडक्या हातगाड्या यांच्या ढिगात किसनला आपली फळी दिसली. तिचा एक कोपरा त्यानेच खिळ्याने कोरला होता. मुलांनी ती एका आडव्या पिंपावर टाकली, किसन एका टोकाला बसला आणि बाकीच्यांनी तेराचा पाढा धरला. 'तेरा पंचे पासष्ट'पर्यंत आला असताना पोलिसांचा गोळीबार सुरू झाला.

किसन आपल्या पाळीवर बसला असतानाच गेला.

बाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. किसनची आई हिराबाई, कडेवर तान्ही मुलगी. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी फळी दिली नसती तरी पोरगं बगाया गेलंच असतं. तुमी सोताला लावून घेऊ नगा." बाईंनी ते ऐकून घेतले, पण मानले नाही. आजही मानलेले नाही. महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीचाळीत पेढे वाटले. बाईंनी पेढा हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "झालं ते चांगलंच झालं हो मास्तर," त्या म्हणाल्या, "पण मी काय देऊन बसले!"

शांतारामांनी नवी फळी केव्हाच करून आणली होती. बाईंनी ती लावू दिली नाही. इतकी वर्षे साखळ्या नुसत्या लोंबत आहेत. मुले त्यांना लटकतात, कंटाळतात आणि रस्त्यावर खेळायला जातात. बाई मात्र अजून रोज जाऊन बसतात आणि फळी नसलेल्या त्या साखळ्यांच्या कड्यांना खोबरेल लावतात. का लावता, असे विचारायचे धाडस मला झाले नाही.

विचारले ते हिराबाईंनी. गेल्या महिन्यात त्या धाकटीला, कमलला, घेऊन बागेत आल्या आणि बाईंसमोर उभ्या राहिल्या. "तेल कुणासाठी लावताय, बाई? माझ्या पोरीनं झोका बगितला न्हाई अजून. एक पोर गेलं, ही बी तशीच ऱ्हायची का?" बाई ओक्साबोक्शी रडल्या. त्याच रात्री त्यांनी समितीला निरोप धाडला: शाल नको, श्रीफळ नको, शांतारामला म्हणावे फळी घेऊन ये.

म्हणून हा ग्रंथ आपल्या हाती पडेल ती संध्याकाळ सभागृहात नाही, बागेत असेल. पहिली पाळी कमलची. तिला पाढे येत नाहीत, म्हणून तेराचा पाढा आपण मोठ्यांनी म्हणायचा आहे, 'तेरा सख'पासून पुढे, जिथे तो राहिला तिथून. शांतारामांनी आवाज फुटणार नाही असे कबूल केले आहे. माझा मला भरवसा नाही.

कमलनंतर बाईंना बसवायचे असा मुलांचा कट आहे, तो मी इथे फोडतो. बाई नको म्हणतील, त्यांचे ऐकू नये. बाईंना उदंड आयुष्य आणि धडधाकट गुडघे लाभोत, आणि ज्याच्या हाती साऱ्यांच्या पाळ्या आहेत, त्याला एवढेच मागणे आहे की आमच्या बाई झोक्यावर आहेत, त्यांचा पाढा सावकाश म्हण.