हौदावरची हरणं आणि माझा कुकर

ओमान सोडायला दहा दिवस उरले असताना आम्ही दोघं वाळवंटातल्या एका कॅम्पवर गेलो. यांना एकदा रानातलं हरीण बघायचं होतं आणि बावीस वर्षं "पुढच्या शुक्रवारी, इन्शाल्ला" चाललं होतं. नोकरी संपल्याचं कळल्यापासून यांनी बोलणंच टाकलं होतं. अल हैलच्या आमच्या भाड्याच्या घरात मी खोकी बांधत होते आणि हे बाल्कनीत नुसते बसून. शेवटी मीच म्हटलं, चला एकदाचे, नाहीतर पुण्याला जाऊन जन्मभर मला ऐकवाल.

निझवा शहर मागे पडलं, मग डांबरही संपलं. कॅम्प म्हणजे बाभळींखाली तीन खोल्या, एक ओटा आणि गॅस. किराणा, पाणी, सगळं आपलं आपण न्यायचं. म्हातारा राखणदार हिंदीत सांगून गेला की दिवस कलला की समोरच्या हौदावर हरणं येतात, आवाज तेवढा करू नका. आवाज कसला, आम्ही दोघंच तर होतो.

दुपार सरता सरेना, आणि ती सरावी असंही वाटेना. बाभळीची सावली हळूहळू माझ्या पायांवर आली, पुढे गेली. वाळू पिवळी होती ती गुलाबी झाली. मी जागी होते की झोपेत, देव जाणे. मग सवयीने उठले आणि आत वरणभाताचा कुकर लावला.

बाहेर येऊन बघते तर हौदाशी दोन हरणं, काड्यांसारख्या पायांची, माना पाण्याकडे वाकवलेली. यांचा खुर्चीतच डोळा लागला होता. मी हळूच खांद्याला हात लावला. यांनी चष्मा चाचपला, आणि तेवढ्यात कुकरने शिट्टी दिली.

हौद रिकामा. पुढच्या दोन शिट्ट्याही झाल्या, मला गॅस बंद करायचं सुचेना. अर्धं जग पातेल्यात भात शिजवतं, मला मेलीला रानातही कुकर लागतो.  जेवताना हे एवढंच म्हणाले की वरण छान झालंय. रागावले असते तर बरं झालं असतं, मला फार वाईट वाटलं.

पहाटे मी गॅस पेटवलाच नाही. चहाशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, ते त्या दिवशी कामी आलं. एका चटईवर दोघं बसलो. समोर धुकं होतं. वाळवंटात धुकं पडतं हे बावीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं. बाभळी त्यात तरंगत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे, आणि धुक्यातून एक हरीण चालत हौदाशी आलं. सावकाश पाणी प्यायलं. एकदा आमच्याकडे बघितलं. यांनी मांडीवरची दुर्बीण उचललीच नाही, नुसते बघत राहिले. मग ते आलं तसं धुक्यात गेलं.

"चल," हे म्हणाले. "आता जाऊया आपण."

कॅम्पवरून निघायचं असं हे म्हणत नव्हते, ते मला कळलं. बावीस वर्षं मीच यांच्यामागे टुमणं लावलं होतं, कधी जायचं घरी, कधी जायचं. आणि आता हे तयार झाले तर माझा पाय उचलेना. मी यांची बाही धरली.

"अहो, थोडं बसू ना अजून."