चिंधीचा दुधी

गिरीजच्या आमच्या वाडीत सासूबाई दरवर्षी मांडवावरच्या एका दुधीच्या देठाला जुन्या साडीची चिंधी बांधत. तो दुधी बियाण्याचा, वेलावरच वाळू द्यायचा. सासरे चिंधी तेवढी बघत आणि बाकीचे सगळे बाजारासाठी काढत. माणूस भारी तिखट, पण त्या चिंधीपुढे त्यांचंही काही चालत नसे.

सासूबाई गेल्या त्या वर्षीही वेल भरला आणि सासऱ्यांनी नेहमीसारखे दुधी काढले. मांडव रिकामा झाल्यावर त्यांना कळलं, चिंधी कुठेच नव्हती. बांधणारीच नव्हती ना. होतं तेवढं बी पेरून झालेलं. ते सासूबाईंनी माहेरून, आगाशीहून आणलेलं. माहेरच्या वाडीवर आता इमारत उभी आहे.

"बाबा, माणिकपूरहून बियाण्याचं पाकीट आणते," मी म्हटलं.

"पाकिटातला दुधी तुम्ही खा," म्हणाले आणि उठून गेले. मला रागही आला, रडूही.

मग पानांआड एक वाकडा, उशिरा धरलेला दुधी सापडला. तो पुरता पिकायच्या आत वेलच वाळला. सासऱ्यांनी तो देठासकट स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगला. रोज कानाशी नेऊन हलवायचे.

"लागला का फोन?" मी विचारायची. ते हसायचे नाहीत.

शेवटी आत बी खुळखुळलं. फोडून त्यांनी एक बी सोललं. आतल्या दोन पाकळ्या कागदासारख्या पातळ, टरफल अर्धं रिकामं. सगळं बी पाण्यात टाकलं तेव्हा पोचट होतं ते तरंगलं. तळाशी मूठभरसुद्धा उरलं नाही. तेवढंच वाळवून राखेत ठेवलं.

पुढच्या पेरणीत त्यातला एकच कोंब टिकला, तोही टरफल डोक्यावर घेऊन वर आलेला. मी ते ओढायला गेले तर सासऱ्यांनी माझा हात धरला. आतली पानं तुटतील म्हणाले, आणि टरफलावर बोटाने पाणी सोडत बसले. संध्याकाळी ते आपोआप गळलं.

वेल मांडवावर चढला, दुधी धरले. एके सकाळी सासरे दारात येऊन म्हणाले, "चिंधी दे."

मी सासूबाईंची जुनी साडी काढली.

"तिची राहू दे. तुझी फाड. आता मी तुझी चिंधी बघून दुधी काढणार."

मी माझी हिरवी साडी फाडली. ती काही तितकी जुनी नव्हती.